रजिस्टरात नसलेल्या एकेचाळीस चाली

भुताखेतांवर, शकुनांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या दाराला लिंबू नाही, गाडीला काळी बाहुली नाही, आणि अमावास्या कधी आहे हे मला दूधवाल्याच्या कॅलेंडरवरूनही माहीत नसतं. गेली तेवीस वर्षं मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. तिथं साठा मोजताना एक नट जास्त निघाला तरी त्याचं कारण मिळेपर्यंत मी फाईल बंद करत नाही. आणि कारण मिळतंच. कोणीतरी दुसऱ्या खणात टाकलेला असतो, नाहीतर पावती न फाडता परत आणून ठेवलेला असतो.

हे जे लिहितेय त्याचं कारण मात्र मला अजून मिळालेलं नाही. सगळं क्रमानं सांगते.

आधी माझा छंद सांगावा लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामसाठी मी सुरुवातीच्या चालींची पुस्तकं तयार करते. पुस्तक म्हणजे छापलेलं नव्हे, एक फाईल. डावाच्या सुरुवातीला प्रोग्राम स्वतः विचार करत बसत नाही. पटावरची मांडणी पुस्तकात आहे का ते बघतो. असली तर तिच्यापुढं नोंदवलेली चाल खेळून मोकळा होतो. नसली, की मग त्याचं डोकं चालू होतं. माझा धाकटा भाऊ नितीन पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं हौसेखातर असा एक प्रोग्राम लिहिला, आणि पुस्तकाचं किचकट काम माझ्या गळ्यात मारलं. म्हणाला, "ताई, यात बुद्धी लागत नाही, चिकाटी लागते. तूच कर."

मी केलं. अशा प्रोग्रामवाल्या आठ-नऊ जणांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, दर शनिवारी ते आपापले प्रोग्राम एकमेकांशी झुंजवतात. आज त्यातले पाच माझं पुस्तक वापरतात. मी आयत्या फाईली एकत्र ओतत नाही. एकेक नोंद हातानं भरते, आणि प्रत्येक नोंद एका लांबलचक वहीत असते — अनुक्रमांक, चाल, कुठून घेतली, आणि दुसऱ्यांदा तपासल्यावर लाल टिक. वहीतली बेरीज आणि फाईलमधली बेरीज दर महिन्याला जुळवते.

एक तांत्रिक गोष्ट फक्त लक्षात ठेवा. फाईलमध्ये पटाचं चित्र नसतं. प्रत्येक मांडणीचा एक लांबलचक आकडा असतो, आणि त्यापुढं चाल — या घरातून त्या घरात. मांडणीवरून आकडा काढता येतो, पण आकड्यावरून मांडणी काढता येत नाही. म्हणजे खोक्यावर कोड छापलेला आहे, पण तो कोणत्या वस्तूचा हे सांगणारी यादीच हरवलीय, असं.

आता अण्णा. माझे वडील. वय शहात्तर. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, आणि आई गेल्यापासून कन्नडला एकटेच राहतात. आमच्याकडं या म्हटलं की म्हणायचे, तुमच्या तिथं सकाळी बोलायला माणूस नाय. बुद्धिबळ ते देशी पद्धतीनं शिकले, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. नितीनचा प्रोग्राम आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, याच्याशी खेळून बघा. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला त्यांचा फोन यायचा. त्यांनी चाल सांगायची, मी चहा पीत लॅपटॉपवर भरायची, मशीनचं उत्तर वाचून दाखवायचं, आणि आठच्या आत क्रांती चौकात कंपनीची बस गाठायची. रोज एक चाल. त्यांच्या पटाच्या कडेनं मी स्टोअरमधली लेबलं चिकटवून दिली होती, म्हणजे घरं सांगताना गोंधळ नको.

माझ्या पुस्तकावर मात्र त्यांचा राग होता. पाठ केलेलं बोलणाऱ्याशी काय बोलायचं, म्हणायचे. म्हणून मुद्दाम वाकड्या चाली करायचे. कडेची प्यादी, एकेक घर, जे शहाणा माणूस करणार नाही ते. तिसऱ्या-चौथ्या चालीला मशीन पुस्तकाबाहेर पडायचं, मी तसं सांगितलं की फोनवर समाधानाचा हुंकार ऐकू यायचा. पुढं पंचवीसेक चालींत हरायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवा डाव.

हा डाव दिवाळीनंतरचा. सहाव्या दिवशी, म्हणजे सहाव्या चालीच्या दिवशी, अण्णांना कन्नडच्या स्टँडवर पिशवी उचलताना दम लागला आणि ते तिथंच खाली बसले. शेजारच्यांनी फोन केला. मी त्यांना शहरात आणून दाखवलं. हृदयाची एक झडप अरुंद झालेली होती, बदलावी लागणार होती. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे फार तर, त्याच्यापुढं मी जबाबदारी घेत नाही.

अण्णा ऑपरेशनला नाही म्हणाले नाहीत. पण म्हणाले, "हा डाव संपू दे."

यात हट्टापेक्षा जास्त काहीतरी होतं, ते सांगायला हवं. कारखान्याच्या दिवसांत त्यांची चार-पाच जणांची बैठक असायची. उघडा पट सोडून उठायचं नाही, हा तिथला कायदा. कामाची पाळी सुरू झाली म्हणून जरी कोणी उठला, तरी पुढचा डाव त्याला वजिराशिवाय खेळावा लागायचा. अण्णा आयुष्यात कधी तसे उठले नव्हते. आणि मला वाटलं, हरतातच पंचविसाव्या चालीला, म्हणजे आणखी एकोणीस दिवस. तीन आठवड्यांत बसतं. मी वाद घातला नाही. त्यांना कन्नडला सोडलं, शेजारच्या काकूंना औषधांच्या वेळा लिहून दिल्या, आणि घरी येऊन ऑपरेशनसाठी लागणाऱ्या कागदांची यादी फ्रिजला लावली.

नवव्या दिवशी माझं लक्ष गेलं.

उत्तर पुस्तकातून आलं की नितीनचा प्रोग्राम कोपऱ्यात 'पुस्तक' असं दाखवतो. विचार करून आलं तर किती वेळ लागला ते दाखवतो. नवव्या चालीला अण्णांनी हत्तीपुढचं प्यादं पुढं टाकलं — पटाची ती मांडणी जगात कोणी कधी केली नसेल — आणि एंटर दाबल्या दाबल्या उत्तर. कोपऱ्यात 'पुस्तक'. गडबडीत आधीच्या दिवसांत मी तिकडं बघितलंच नव्हतं. मागची नोंद काढली. पहिल्या तीन चाली माझ्या वहीतल्या. चौथीपासून एकही वहीत नाही, आणि सगळ्यांपुढं 'पुस्तक'.

त्या संध्याकाळी बेरीज केली. फाईलमध्ये वहीपेक्षा एकेचाळीस नोंदी जास्त.

मला आधी स्वतःचाच राग आला. आदल्या महिन्यांत सणांच्या गडबडीत जुळवणी राहिली होती. मग पेनड्राइव्हवरची गणपतीतली प्रत काढली, म्हणजे हा डाव सुरू व्हायच्या कितीतरी आधीची. तिच्यातही त्याच एकेचाळीस. नितीननं तपासून सांगितलं की सहा नोंदी या डावातल्या मांडण्यांच्या आहेत, उरलेल्या पस्तीस पुस्तकातल्या कुठल्याच डावातून पोचता येईल अशा जागी नाहीत.

"कचरा असेल ताई. फाईल खराब झाली की असे आकडे येतात."

"कचरा रोज सकाळी साडेसातला नियमात बसणारी चाल सांगतो का?" मी विचारलं.

मी एकेचाळीस चालींची यादी छापून फ्रिजवर लावली. मांडणी कळत नसली तरी चाल वाचता येते, या घरातून त्या घरात. पण क्रम नाही. नोंदी आकड्यांच्या क्रमानं असतात, डावाच्या नाही. सहांवर टिक केली. दहाव्या दिवशी मशीननं जे उत्तर दिलं ते यादीत होतं. टिक. अकराव्या दिवशीही. अण्णा मनाला येईल ते खेळत होते, आणि मशीनची प्रत्येक चाल माझ्या फ्रिजवरच्या कागदावर आधीपासून छापलेली होती.

मी अण्णांना काही सांगितलं नाही. उत्तर लगेच वाचून दाखवलं तर त्यांना कळेल, म्हणून मिनिटभर थांबून वाचायला लागले.

वीस-एकवीस दिवस झाले तशी मला दुसरीच धास्ती लागली. डाव संपत नव्हता. अण्णा हरत नव्हते. नितीननं आपल्या मशीनला पुस्तक बंद करून तीच मांडणी दाखवली, तर तीन ठिकाणी मशीनला सरळ जिंकता येत होतं. पुस्तकातली चाल त्या जागेच्या बाजूनं निघून गेली होती. चुकीची नव्हती, हरणारीही नव्हती. फक्त मारत नव्हती. डाव यादी संपेपर्यंत चालणार असला तर डॉक्टरांनी दिलेले दिवस त्याला पुरत नव्हते. आणि काकू फोनवर सांगायला लागल्या होत्या की अण्णा न्हाणीपर्यंत जातानाही भिंत धरतात.

सत्ताविसाव्या दिवशी तीन आठवडे पुरे झाले. त्या सकाळी मी पुस्तक बंद केलं.

यात फसवणूक नव्हती. मशीन स्वतः विचार करून जे सांगेल तेच मी सांगणार होते. मशीननं चार मिनिटं घेतली आणि वजिरानं अण्णांचा हत्ती मारला. पुढच्या पाच-सहा चालींत खेळ संपला असता. मी फोनवर चाल वाचली.

अण्णा म्हणाले, "ही त्याची चाल नाय."

"अण्णा, मशीननंच दिलीय. माझ्या डोळ्यांसमोर."

"आसंल मशीननं दिली. मी मशीनशी कुठं खेळतोय? पहिल्या तीन चाली मशीन व्हतं. चवथीपासून माणूस हाय. साठ वर्षं खेळतोय माय, समोर कोण बसलंय एवढं कळतं मला." त्यांना दम लागला, थांबले. "त्यानं घोडा मागं घेतला असंल. डी सातवर. बघ बरं."

मी फ्रिजवरच्या यादीकडं बघितलं. टिक न झालेल्या अठरा चाली होत्या. त्यातली एक, एफ सहावरून डी सात. पुस्तक चालू केलं. घोडा, डी सात.

ती यादी मी अण्णांना दाखवलेली नव्हती. नितीनलासुद्धा कागद दिलेला नव्हता. आता कोणी म्हणेल, चांगल्या खेळाडूला समोरच्याची चाल सुचू शकते. मीही तसंच म्हणाले असते. पण त्या सकाळी मी विचारलं, कोण आहे तो, अण्णा.

"नाव कशाला पाहिजे? डावावरून माणूस कळतो, नाव नाय कळत. घाईत नाय तो. आन् मला मारायचं त्याच्या मनात नाय."

मी चहा तसाच ठेवून बसले. बस चुकली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लॅपटॉप आणि यादी घेऊन पहिल्या एसटीनं कन्नड गाठलं. अण्णा बाजेवर उशांना टेकून बसले होते, समोर स्टुलावर पट. ओठ निळसर दिसत होते. मी सगळं सांगून टाकलं. नोंदी, बेरीज, यादीवरच्या टिका, मिनिटभर थांबण्याचं नाटक. त्यांनी चष्मा लावला आणि उरलेल्या चाली बोटानं मोजल्या. सतरा.

"अण्णा, सतरा दिवस तुमच्याकडं नाहीत," मी म्हटलं. एवढं सरळ मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

"मंग आज खेळू सगळ्या."

रोज एक चाल हा तर आपला नियम, असं काहीतरी मी म्हणाले.

"तो तुझ्या कंपनीच्या बशीपायी. मला काय, मी दिवसभर मोकळाच असतो की."

मला हसू आलं, आणि मग इतका संताप आला की पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन उभी राहिले. तीन आठवडे मी दिवस मोजत होते, आणि त्यांना एकदा विचारलं असतं तर...

दहाच्या सुमाराला बसलो. अण्णा एका चालीवर दिवस काढणारे माणूस. त्या दिवशी त्यांचा हात आपोआप चालत होता. ते मोहरा सरकवायचे, मी लॅपटॉपवर भरायची, 'पुस्तक', मी उत्तर वाचायची, टिक. पाच-सहा चाली अशा झाल्या. मग मी वाचायच्या आत त्यांनी काळ्याचा उंट उचलून ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. बरोबर होतं. पुढची चालही त्यांनीच ठेवली. त्याच्या पुढचीही. मी नुसती मान हलवत होते आणि टिक करत होते. स्क्रीन त्यांच्याकडं पाठमोरा होता. यादी माझ्या मांडीवर होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि दोन्ही बाजूंनी जे चाललं होतं त्यात कोणीच विचार करताना दिसत नव्हतं. एखादी जुनी गोष्ट दोघं मिळून सांगतात तसं ते चाललं होतं. मी तिसरी, नुसती ऐकणारी.

मोहरे कमी होत गेले. वजीर गेले, हत्ती गेले. यादीत एकच चाल उरली. राजा, जी पाचवरून एफ चार. अण्णांनी काळा राजा उचलला, एफ चारवरचं आपलं शेवटचं प्यादं त्यानं मारलं, आणि हात मागं घेतला.

पटावर दोन राजे. दुसरं काही नाही. बरोबरी. ज्यांना या कामाची कल्पना आहे त्यांना कळेल — सुरुवातीच्या चालींचं पुस्तक पंधरा चाली जातं, फार तर वीस. नुसते राजे उरेपर्यंत ते कोणी लिहीत नाही. लिहिताच येत नाही.

अण्णांनी दोन्ही राजे डब्यात ठेवले, पट मिटला. "ऊठ," म्हणाले, "पिशवी भर माझी."

बुधवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. अकरा दिवस दवाखान्यात काढले, आणि आता माझ्याकडंच आहेत. इथल्या वरणाला चव नाही आणि खालच्या मजल्यावरचा माणूस रेडिओ मोठ्यानं लावतो, या त्यांच्या तक्रारी. म्हणजे तब्येत ठीक आहे. तो कोण होता हे मी एकदा पुन्हा विचारलं. म्हणाले, "डाव संपला की माणूस उठून जातो. त्याच्यामागं जायचं नसतं." त्यानंतर विचारलेलं नाही.

पण फाईल तपासल्याशिवाय मला राहवेना. अण्णा घरी आल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी तोच डाव पहिल्यापासून मशीनला दाखवला, पुस्तक चालू ठेवून. तीन चाली आल्या. चौथ्या चालीला मशीन विचार करायला लागलं. पुस्तकात ती मांडणी नव्हती. पाचवीची नव्हती, सहावीची नव्हती, एकही नव्हती. नितीनकडून आकडे काढून घेतले. त्या डावातल्या एकाही मांडणीचा आकडा फाईलमधल्या एकेचाळीस आकड्यांशी जुळत नाही. फाईल तीच. तारीख तीच. गणपतीतली प्रतही तेच सांगते. आणि डावाच्या नोंदीत मात्र चौथ्या चालीपासून 'पुस्तक' हा शब्द एकेचाळीस वेळा आहे, तो नितीननंही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. तो म्हणाला, तूच काहीतरी मिसळलं असशील. मी काही मिसळत नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे.

ग्रुपमधल्यांना मी वहीवरून नवी फाईल करून दिली, बेरीज जुळवून. जुनी पेनड्राइव्हवर कपाटात आहे. ती पुसायला मी दोनदा बसले. आमच्या कामात रजिस्टरात नसलेला माल ठेवत नाहीत, काढून टाकतात. पण त्या एकेचाळीस चाली अण्णांच्या डावाच्या नाहीत असं आता फाईलच म्हणते. त्या अजून तिथं आहेत. म्हणजे त्या दुसऱ्या कोणाच्या तरी डावाच्या असतील. त्या माणसानं पट मांडलाय की नाही, तो कुठं आहे, त्याला किती दिवस दिलेत, मला माहीत नाही. पण मी बटण दाबलं, आणि त्याच्या चौथ्या चालीला समोर कोणीच नसलं तर?

याचं उत्तर माझ्याकडं नाही. कोणाकडं असेल तर जरूर लिहा. फाईल पुसून टाका, एवढं मात्र सांगू नका.